समजून घ्या : चौपाखी छपराचा कोनवासा नेमका किती लांब कापायचा? माप चुकलं तर सागाचं अख्खं लाकूड वाया

यवतमाळ : जून जवळ आला की जिल्ह्यातल्या गावांत घरांना शिड्या लागतात. फुटके कवेलू बदलायचे, किडलेले वासे काढायचे आणि पहिल्या पावसाआधी छप्पर पुन्हा चढवायचं. दुपाखी छपराचं काम वाढयांच्या हातात बसलेलं असतं. चौपाखी छपराला मात्र आधी हिशेब करावा लागतो, कारण त्यात कोनवासा असतो. हे छपरातलं सर्वांत लांब वासालाकूड. ते आखूड कापलं गेलं, तर दुसरं आणण्यावाचून पर्याय राहत नाही. त्याचं माप आधीच कसं काढायचं, ते एका उदाहरणातून पाहू.

चौपाखी छप्पर म्हणजे काय?

दुपाखी छपराला दोन उतार असतात आणि दोन टोकांना उघडी त्रिकोणी भिंत. चौपाखीत चारही बाजूंना उतार असतो. त्यामुळे मातीच्या चारही भिंतींना वळचणीचा आडोसा मिळतो. वादळाचा वारा थेट आदळेल अशी उंच त्रिकोणी भिंतही राहत नाही. या फायद्यांच्या बदल्यात लाकूडकाम वाढतं. भिंतीच्या चार कोपऱ्यांतून चार कोनवासे तिरपे आढ्याकडे जातात आणि त्यांना दोन्ही बाजूंनी आखूड होत जाणारे वासे येऊन टेकतात.

एका लाकडाची एवढी चिंता का?

यवतमाळचं जंगल सागाचं आहे, पण म्हणून साग सहज मिळतो असं नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार स्वतःच्या शेतातला सागही परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणजे लाकूड आगारातून किंवा व्यापाऱ्याकडून विकत घ्यावं लागतं. २ बाय ५ इंच जाडीचे, १२ फुटी चार कोनवासे म्हणजे सुमारे ३.३ घनफूट लाकूड. त्यातला एक चुकला, तरी खर्च आणि खोळंबा दोन्ही वाढतात.

माप कसं काढायचं?

समजा, घर १२ बाय १८ फुटांचं आहे आणि छपराला फुटामागे ६ इंच चढ द्यायचा आहे.

१. सपाट अंतर : रुंदीचं निम्मं, म्हणजे ६ फूट. पुढची सगळी मापं याच आकड्यावरून निघतात.

२. उंची : ६ फुटांना फुटामागे ६ इंच, म्हणजे आढं भिंतीच्या माथ्यापासून ३ फूट वर.

३. साधा वासा : शाळेतला पायथागोरसचा नियम. ६ चा वर्ग ३६, ३ चा वर्ग ९, बेरीज ४५. तिचं वर्गमूळ ६.७१ फूट, म्हणजे ६ फूट साडेआठ इंच.

४. कोनवासा : हा दोन्ही दिशांना ६-६ फूट सरकतो आणि ३ फूट चढतो. ३६ अधिक ३६ अधिक ९ म्हणजे ८१. वर्गमूळ बरोबर ९ फूट.

५. आढं : लांबीतून रुंदी वजा, म्हणजे ६ फूट. कोनवासा आढ्याला कसा जोडायचा, त्यानुसार ते थोडं लांब ठेवावं लागतं.

फुटामागे ६ इंच चढ असेल, तर कोनवासा सपाट अंतराच्या नेमका दीडपट येतो. चढ बदलला की हे प्रमाणही बदलतं.

वळचण विसरू नका

वळचण भिंतीबाहेर दीड फूट काढायची असेल, तर साध्या वाशात सुमारे २० इंच वाढतात, कोनवाशात मात्र २७ इंच. म्हणजे ९ फुटांचा कोनवासा ११ फूट ३ इंचांचा होतो. केवळ ९ फुटांचा हिशेब करून १० फुटी लाकूड आणलं, तर वळचण बसणार नाही. १२ फुटीच घ्यावं लागेल.

आखूड वासे कसे कापायचे?

वासे दीड-दीड फुटावर असतील, तर कोपऱ्याकडे जाताना प्रत्येक वासा आधीच्यापेक्षा २० इंच १ सूत, म्हणजे २०⅛ इंच आखूड होतो. वळचण सोडून मापं सुमारे ६० ३/८, ४० १/४ आणि २०⅛ इंच. प्रत्येक मापाचे आठ वासे लागतात, चार डावे आणि चार उजवे. आठही एकाच बाजूने तिरपे कापले, तर त्यातले चार वाया जातात.

चूक कुठे होते?

• आढ्याची जाडी : वरची मापं मध्यरेषेपर्यंतची आहेत. आढं २ इंच जाड असेल, तर साध्या वाशातून सपाटीत १ इंच कमी करायचा. कोनवासा आढ्याला तिरपा टेकतो, म्हणून त्यातून सुमारे १.४ इंच.

• कोनवाशाचा उतार : तो साध्या वाशाइतका नसतो. गुण्यावर साध्या वाशासाठी ६ आणि १२ धरतात, कोनवाशासाठी ६ आणि १७.

• तिरपा काप : वरून पाहिलं तर आखूड वासा कोनवाशाला ४५ अंशांत भिडतो. पण उतरत्या पाठीवर ४५ अंश आखले, तर फट राहते. या चढाला वाशाच्या लांबीवर १३.४ इंच आणि आडवे १२ इंच धरून रेघ मारायची.

• कोनवाशाची पाठ : तिच्या कडा दोन्ही पाख्यांच्या वर येतात आणि रिपा नीट बसत नाहीत. २ इंच जाड कोनवासा सुमारे ९ मिलिमीटर खाली बसवायचा किंवा पाठ दोन्हीकडे तासायची.

कापण्याआधी काय तपासाल?

आधी भिंती काटकोनात आहेत का ते पाहा. या घराचे दोन्ही कर्ण २१ फूट ७⅝ इंच भरायला हवेत. जुन्या मातीच्या घरात ते क्वचितच जुळतात. फरक असेल, तर चारही कोनवासे वेगवेगळे मोजावे लागतात.

आजीच्या घराची पडवी दुरुस्त करताना मीही मोबाइलवर हाच हिशेब केला होता. आकडा दशांशापर्यंत बरोबर होता, पण आढ्याची जाडी वजा करायची राहिली होती. वाढईकाकांनी करवत लावली नाही. त्यांनी आधी जुन्या फळीचा एक कोनवासा कापून वर धरून पाहिला. तो आढ्याला अडला. त्यांनी फळीवरच खूण दुरुस्त केली आणि तीच फळी सागावर ठेवून रेघ मारली.

थोडक्यात, कोनवाशाची लांबी कागदावर काढा, काप टाकाऊ फळीवर करून पाहा आणि जुळल्यावरच सागाला करवत लावा.