एकट्याने घेतलेली किमो

किमोथेरपीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. 'काउंट कमी झालेत' असं रुग्ण आणि नातेवाईक म्हणतात. त्या दिवसांत ताप आला तर घरी वाट पाहायची नाही, तडक रुग्णालय गाठायचं, हे रुग्णाला आधीच बजावलेलं असतं. मार्च २०२० मध्ये या सूचनेच्या नेमकी उलट सूचना सगळीकडून ऐकू येऊ लागली : घराबाहेर पडू नका. शिवाय ताप म्हटलं की आधी कोरोनाची शंका. गेलं तर संसर्गाची भीती, न गेलं तर जिवाची. कर्करुग्णाच्या मनावरचा त्या काळातला ताण समजून घ्यायचा तर या पेचापासूनच सुरुवात करावी लागते.

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून देशभरातल्या रुग्णांचा आधार आहे. उपचार महिनोन्‌महिने चालतात, म्हणून कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतं, तर कुणी रुग्णालयाजवळच्या फूटपाथवर पथारी टाकतं. टाळेबंदीत लोकल थांबल्या, लांब पल्ल्याच्या गाड्या थांबल्या, आणि यातले कितीतरी जण ना घरचे राहिले ना दवाखान्याचे. टाटाचं काम मात्र थांबलं नव्हतं. टाळेबंदीच्या सुरुवातीच्या आठवड्यांतल्या ४९४ नियोजित शस्त्रक्रियांचा लेखाजोखा तिथल्या डॉक्टरांनी पुढे मांडला; त्यात शस्त्रक्रियेनंतर एकही रुग्ण दगावला नव्हता. पण दार उघडं असणं आणि दारापर्यंत पोचता येणं यात मोठं अंतर होतं. देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांच्या पाहणीत मार्च ते मे २०२० या काळात नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यांपेक्षा ५४ टक्क्यांनी घटलेली दिसली. मोठ्या शस्त्रक्रिया जवळपास निम्म्यावर आल्या. गाठ हाताला लागली आहे आणि तपासणी लांबते आहे, अशा रात्री किती घरांनी काढल्या असतील, याची नोंद कुठल्याच आकड्यात नाही.

जे पोचले, त्यांना एकटं आत जावं लागलं. गर्दी टाळायची म्हणून नातेवाइकांना फाटकाबाहेर थांबवलं जाई. आपल्याकडे रोगाचं नाव अनेकदा आधी मुलाला किंवा नवऱ्याला सांगितलं जातं आणि रुग्णापर्यंत ते बेताबेताने पोचवलं जातं. ही पद्धत योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. पण ज्या बाईने आयुष्यात एकटीने बँकेचं कामही केलं नाही, तिने मास्कआडच्या डॉक्टरांकडून आपलं निदान एकटीने ऐकायचं, फाईल छातीशी धरून बाहेर यायचं आणि मग घरच्यांना तिनेच सांगायचं, हे फार कठोर होतं. किमोच्या खुर्चीतले ते लांबलचक तासही तसेच. एरवी शेजारच्या खुर्चीतली अनोळखी बाईसुद्धा सांगते, 'माझे केस गेले होते, बघा आता आलेत.' त्या एका वाक्याने जो धीर येतो तो गोळीने येत नाही. खुर्च्या लांब गेल्या आणि हे बोलणंच संपलं.

नातेवाइकांवरची बंदी त्या वेळी गरजेची होती, हे मान्य. पण तिची भरपाई म्हणून काहीच ठरवलं गेलं नाही, ही माझ्या मते आपल्या आरोग्यव्यवस्थेची मोठी चूक होती.

फोनवरून सल्ल्याची अधिकृत नियमावली २५ मार्च २०२० रोजी आली आणि फेऱ्या वाचल्या, हे खरंच चांगलं झालं. मात्र घरात फोन बहुतेकदा मुलाच्या हाती असतो. 'उलट्या होतात का, जेवण जातं का' यांची उत्तरं तोच देतो. 'मला जगावंसं वाटत नाही' हे मुलासमोर डॉक्टरांना कोण सांगणार? म्हणून फोनवर काही मिनिटं तरी रुग्णाशी एकट्याशीच बोललं गेलं पाहिजे. मनाचा ताण शून्य ते दहा यांपैकी कितीवर आहे, एवढं विचारण्याची साधी पट्टी कर्करोगतज्ज्ञ जगभर वापरतात. तिला ना यंत्र लागतं, ना खर्च.

साथ नसतानाही काउंट कमी असलेला रुग्ण घरात एकटाच असतो : वेगळी खोली, वेगळं ताट, पाहुण्यांना मनाई. तुमच्या घरी किंवा शेजारी असं कुणी असेल तर 'धीर धरा, सगळं ठीक होईल' एवढंच म्हणून फोन ठेवू नका. भीती कशाची वाटते ते विचारा, आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या. झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, मरणाचे विचार येत असतील तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते आणि तिथे मराठीतून बोलता येतं.