रायटर मिळेल, पण वर्षभराचं काय?

परीक्षांचा हंगाम आला की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर एक निरोप फिरू लागतो. ‘उद्या सकाळी साडेदहाला टीवायबीएच्या पेपरला दृष्टिहीन विद्यार्थिनीसाठी रायटर हवा आहे. बारावी पास चालेल. कृपया पुढे पाठवा.’ खाली मोबाइल नंबर असतो आणि निरोप येतो तेव्हा बहुतेकदा रात्रीचे नऊ वाजून गेलेले असतात. लोक धावून येतातही. कुणाची तरी पुतणी तयार होते, पेपर पार पडतो. पण तीन वर्षं जिचं नाव कॉलेजच्या दफ्तरी आहे, तिच्यावर आदल्या रात्री अनोळखी माणसांची मनधरणी करायची वेळ का यावी, हे त्या गटांवर कुणी विचारत नाही.

दोष कायद्याचा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. डिस्लेक्सिया-डिसग्राफियासारखी अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्याला चांगलाच ठाऊक असलेला सिकलसेल, हे सगळं त्यात येतं. विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे शिकवण्यात, अभ्यासक्रमात, परीक्षेत वाजवी फेरफार करून द्यायचे, आणि ते नाकारणं म्हणजे भेदभाव करणं, इतकं हा कायदा स्वच्छ सांगतो.

घोळ होतो तो ४० टक्क्यांचा. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतल्या ५ टक्के राखीव जागा आणि प्रवेशाच्या वयातली ५ वर्षांची सूट ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी आहे. कार्यालयांनी तोच आकडा लेखनिकाला (म्हणजे रायटरला), जादा वेळेला, सरसकट सगळ्याला लावून टाकला. लिहिताना हात आखडतो असा विकार असलेल्या एका उमेदवाराला याच कारणावरून लेखनिक नाकारला गेला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या त्या खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सांगितलं, की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. मग १० ऑगस्ट २०२२ ला केंद्र सरकारने ४० टक्क्यांच्या आतल्यांसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा खिडकीपलीकडून ‘चाळीसच्या आत आहे, बसत नाही’ असं ऐकू आलं, तर हुज्जत घालू नका. खटल्याचं नाव आणि या दोन तारखा अर्जात लिहा आणि अर्ज आत सरकवा.

अर्ज करायचा तो प्रवेश घेतानाच, जून-जुलैत. परीक्षेच्या तोंडावर केलेल्या अर्जाला ‘आता वरून परवानगी आणावी लागेल’ हे उत्तर ठरलेलं असतं. परीक्षेची वेळ हातून गेली की काय होतं, हे त्याच २०२१ सालच्या दुसऱ्या एका निकालात दिसतं. डिसग्राफिया असलेल्या अवनी प्रकाश या विद्यार्थिनीला नीटच्या केंद्रावर जादा तास दिला गेला नाही. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अन्याय झाला हे न्यायालयाने मान्य केलं, तो दूर करण्यासाठी काय करता येईल ते पाहा असं परीक्षा घेणाऱ्या संस्थेला बजावलं. पण पेपर पुन्हा घेण्याचा आदेश दिला नाही. गेलेला तास न्यायालयातूनही परत मिळत नाही.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, प्रत परीक्षा विभागाला, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का. पोच नसलेला अर्ज दिला नाही असंच समजा. ‘योग्य त्या सवलती मिळाव्यात’ एवढंच लिहून भागत नाही. काय जमत नाही आणि त्यावर काय हवं, ते लिहा. सलग लिहिता येत नाही, म्हणून लॅपटॉप हवा. जिना चढता येत नाही, म्हणून तळमजल्यावरची खोली हवी. सोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, जोडा. दृष्टिहीन, सेरेब्रल पाल्सी असलेले आणि दोन्ही हात बाधित असलेले सोडून इतरांना, लिहिण्यात अडचण आहे असं जिल्हा शल्यचिकित्सक किंवा तशाच सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र सहसा लागतं. सिव्हिल हॉस्पिटलात एका खेपेत काम होईल या भ्रमात राहू नका. हे पावसाळ्यातच उरकलेलं बरं.

लेखनिकाचे नियम २०१८ च्या केंद्रीय सूचनांनी घालून दिले. तासामागे किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. लेखनिक न घेणाऱ्यालाही तो मिळतो. स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण एक पायरी खालचं हवं, अशी त्या सूचनांत अट होती. भाषांच्या पेपरांना वेगळा लेखनिक घेता येतो, अडीअडचणीला बदलताही येतो. संगणकावर पेपर देणार असाल, तर यंत्र आदल्या दिवशी तपासून बघू द्यायला हवं. यात अधूनमधून बदल होतात, म्हणून विद्यापीठाचं ताजं परिपत्रक मागून घ्या.

परीक्षा मात्र वर्षातले मोजके दिवस असते. कॉलेजला दिव्यांग विद्यार्थी आठवतो तो तेवढ्यापुरता, आणि माझ्या मते खरं दुखणं इथेच आहे. मराठी माध्यमाच्या दृष्टिहीन विद्यार्थ्याचं उदाहरण घ्या. एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो, मराठी बोलतो. पण सरांच्या नोट्स वीस वर्षांपूर्वी श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. डोळ्यांना सुरेख देवनागरी दिसते, संगणकाला आत इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो आणि एनव्हीडीए तोच वाचून दाखवतो. स्कॅन केलेल्या पीडीएफची गत याहून वाईट, तिथे नुसतं चित्र असतं. नोट्स युनिकोडमध्ये द्या, या एका मागणीने जितका अभ्यास होईल तितका जादा तासाने होणार नाही, आणि कॉलेजला त्यासाठी खर्चही जवळपास नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून चालू आहे. ते एकाच शहराच्या वाट्याला का यावं?

ऐकू कमी येणाऱ्याला फळ्याकडे तोंड करून शिकवणारे प्राध्यापक परके होतात. सिकलसेलच्या वेदनांनी आठवडाभर रुग्णालयात असलेली मुलगी ७५ टक्के हजेरीत अडकते. या गोष्टीही याच अर्जात मागता येतात, पण मागायच्या असतात हेच फार थोड्यांना माहीत असतं. वर्गात सगळ्यांसमोर ‘तुला काय झालंय?’ असं विचारणाऱ्या प्राध्यापकांमुळे कित्येक जण चार भिंतींआडही तोंड उघडत नाहीत, ते वेगळंच.

आणि नाहीच दिलं तर? सरकारी संस्थेत तक्रार निवारण अधिकारी नेमणं कायद्याने बंधनकारक आहे आणि तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हायला हवी. तिथे दाद लागली नाही, तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. त्यांना चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित संस्थेने तीन महिन्यांत कार्यवाही करून कळवायचं असतं, आणि शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणंही कळवावी लागतात.