सत्तेचाळीस मुक्काम

महालक्ष्मी एक्सप्रेस आली आहे. स्टेशनाकडून शाहूपुरीत शिरणाऱ्या रिक्षा एकामागून एक हॉटेलच्या दारात थांबतायत. डिसेंबरची थंडी, सकाळचे साडेसात, आणि लॉबीत उभं राहायला जागा नाही. खांद्याला काळ्या बॅगा अडकवलेले औषध कंपन्यांचे तीन प्रतिनिधी, प्रदर्शनाचे गुंडाळलेले फलक घेऊन आलेला एक मशीन विक्रेता, आणि अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं ठाण्याचं एक कुटुंब: मफलर बांधलेले आजोबा, आईच्या कडेवर झोपलेली मुलगी, चार बॅगा. काउंटरवर सगळ्यांचा प्रश्न एकच, "खोली आत्ता मिळेल का?" काउंटरच्या मागे पाटी आहे, चेक-इन दुपारी बारा.

मी कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसून मावसभावाची वाट बघतोय. तो चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. ब्रेक ड्रम, फ्लायव्हील असलं ओतीव काम शिरोलीच्या फाउंड्रीतून घेतात, त्यामुळे त्याची कोल्हापूरची फेरी ठरलेली. रात्री दोनला निघालाय. पुण्याहून इथवर दोनशे तीस किलोमीटरच्या आसपास अंतर, पण महामार्गाच्या रुंदीकरणामुळे जागोजागी वळसे आहेत.

गाडी दारात लागते. तो आत येतो, शर्ट चुरगळलेला, डोळे लाल. काउंटरवरचे काका मान वर करतात आणि त्याला काही विचारायची वेळच येत नाही.

"या साहेब. रात्रीचं निघालासा काय? तीनशे चार तयार हाय, लिफ्टपासनं लांबची. चहा कोरा, वर पाठवू का हितंच घेतासा?"

"इथंच द्या काका. दादा आलाय."

ओळखपत्राची प्रत नाही, फॉर्म नाही, आगाऊ रक्कम नाही. ठाण्याच्या ताई हे सगळं बघतायत. त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते साहजिक आहे. रात्रभर गाडीत बसून तेही आलेत. काका त्यांच्याकडे वळतात. "ताई, बारापातूर खोली मोकळी हुत न्हाई, खोटं कशाला सांगू? पण सामान हितं ठेवा. खाली न्हाणीघर हाय, गरम पाणी सोडतो. आजोबांची आंघुळ उरकून दर्शनाला जावा, येईस्तोवर खोली करून ठेवतो." पोऱ्या बॅगा उचलतो. ताईंचा आवाज जरा नरमतो, आणि त्या आजोबांचा टॉवेल शोधायला लागतात.

ज्यांना हॉटेलवाले निष्ठावंत ग्राहकाच्या सवलती म्हणतात, त्यांचा पहिला धडा शाहूपुरीत रोज सकाळी असा दिसतो. इथे वरच्या मजल्यावर लाउंज नाही, खास लिफ्ट नाही. पण रात्रभराच्या प्रवासानंतर साडेसातला मिळालेली खोली ही कुठल्याही लाउंजपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि ती नेहमीच्या माणसाला आधी मिळते.

कुणाला काय लागतं याची आठवण कुठे साठवलेली असते ते मला काका दाखवतात. संगणक आहेच, पण काउंटरखालच्या खणात लांबट, लाल कापडी पाठीची वही आहे. पानांच्या कडा हाताळून काळवंडल्यात. नावं थोडी, गावं आणि कंपन्याच जास्त. एका ओळीवर बोट ठेवून ते वाचतात: "चाकण. लिफ्टपासून लांब. उशी १ जादा. कोरा चहा, साखर नको. बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर." खालच्या ओळीत इचलकरंजीचा सूत व्यापारी: "गुरुवारी उपास. खिचडी सांगणे." त्याच्याखाली बेळगावचे कुणी वकील, ज्यांना रस्त्याकडची खोली चालत नाही. एक ओळ तांबड्या शाईने खोडली आहे. "हे वारले गेल्या साली," काका म्हणतात, "बावीस वर्सं येत होते."

चहा येतो. भाऊ फोन काढून माझ्यापुढे धरतो. पडद्यावर मॅरियट या जागतिक हॉटेल साखळीचं ॲप आहे आणि आकडा आहे ४७.

"दादा, अजून तीन रात्री. एकतीस डिसेंबरच्या आत."

मॅरियटच्या बॉनव्हॉय योजनेत वर्षाला पंचवीस रात्री झाल्या की गोल्ड, पन्नास झाल्या की प्लॅटिनम, पंचाहत्तर झाल्या की टायटेनियम. गोल्डवाल्याला दुपारी दोनपर्यंत खोली ठेवायची सवलत, प्लॅटिनमवाल्याला चारपर्यंत. पण खरी मेख लाउंजची आहे. ज्या हॉटेलात लाउंज असतं तिथे त्याचं दार पन्नासाव्या रात्रीनंतर उघडतं. सकाळचा नाश्ता, दिवसभर चहा-कॉफी, संध्याकाळी खाणं, शांत बसायची जागा. सत्तेचाळीस रात्री झालेला माणूस अजून बाहेरच. आणि शाहूपुरीतला हा मुक्काम त्या ॲपमध्ये मोजला जाणार नाही, कारण हे हॉटेल त्या साखळीतलं नाही.

"मग काय करणार?"

"पुण्यातल्याच एखाद्या हॉटेलात तीन रात्री काढाव्यात असा विचार आहे. स्वतःच्या पैशानं." तो थोडा थांबतो. "बायको म्हणते, त्या तीन रात्री घरी झोप."

मी त्याला हसत नाही. हसण्यासारखं त्यात काही नाही. चेन्नईत, गुरुग्राममध्ये संध्याकाळी सहाला ऑडिट संपतं. मग खोलीत ट्रे मागवून टीव्हीसमोर एकट्यानं जेवायचं. लाउंजमध्ये निदान दुसरी दोन माणसं असतात, तो सांगतो, तशीच दमलेली, तसाच लॅपटॉप उघडून बसलेली. कुणी बिल पुढे करत नाही, कुणी उठा म्हणत नाही. मागच्या वर्षी एका सहकाऱ्याबरोबर तो अशा ठिकाणी दोन तास बसला होता, ते त्याच्या मनात राहिलंय. तिथल्या खाण्याचं त्याला फारसं आठवत नाही. बसू दिलं, हे आठवतं.

या योजनांचं यंत्र फार विचार करून बांधलेलं आहे. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये मैल मोजायला सुरुवात केली, १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियटनं मुक्काम मोजायला, १९८७ मध्ये हिल्टननं. बिल कंपनी भरते, गुण मात्र राहणाऱ्या माणसाच्या नावावर जमा होतात. म्हणजे हॉटेल निवडणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. निवडणाऱ्याला खूश ठेवलं की देणारा आपोआप येतो. यात फसवणूक नाही. पण जो आकडा वाढल्याचा आनंद होतो, तो घराबाहेर काढलेल्या रात्रींचा आकडा आहे. भावाची सातवीतली मुलगी व्हिडिओ कॉलवर गणित विचारते त्या रात्रींचा. हे भावाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, म्हणून मी ते बोलत नाही.

काचेबाहेर शाहूपुरी जागी होतेय. या पेठेचा जन्मच मुळी सवलतींतून झाला. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. १८९४ मध्ये शाहू महाराजांच्या हाती राज्याधिकार आले आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी स्टेशनाजवळ ही व्यापारपेठ वसवली. व्यापाऱ्यांनी यावं, इथेच टिकावं, म्हणून त्यांना सोयी दिल्या. आखीव, नंबरांच्या गल्ल्या अजून तशाच आहेत: पहिली, दुसरी, तिसरी. गुळाचे रवे इथून गाडीत चढायचे आणि गुजरातेपर्यंत जायचे. आता गुळाचे सौदे मार्केट यार्डात निघतात. आत्ता हंगाम आहे, तिथे पहाटेपासून वर्दळ असेल. पण आडत्याची पेढी काय होती ते इथल्या जुन्या माणसांना विचारा. गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला चहा, जेवण, रात्र झाली तर पेढीवरच अंथरूण, आणि पुढच्या हंगामावर उचल. बदल्यात त्याचा गूळ त्याच दारात उतरायचा. त्या पाहुणचारात उचलीचं ओझंही होतं, ते विसरून गोडवे गाऊ नयेत. तरी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: त्या पेढीवर शेतकऱ्याबरोबर आलेल्या गाडीवानालाही अंथरूण मिळायचं, अशी आठवण घरातली वडीलधारी माणसं सांगत.

हे आठवायचं कारण काचेबाहेरच उभं आहे.

भावाचा ड्रायव्हर गाडी मागे पार्किंगमध्ये लावून परतलाय आणि पायरीपाशी थांबलाय, आत येत नाही. वय सव्वीस-सत्तावीस, धाराशिवकडचा. पोऱ्या त्याला कागदी कपात चहा नेऊन देतो. मी उठून बाहेर जातो, त्याच्याबरोबर पार्किंगपर्यंत चालतो.

गाडीत त्याचा संसार आहे. दाराच्या कप्प्यात टूथब्रश आणि पेस्ट, सीटमागे घडी घातलेली चादर, खिडकीच्या काचेत अडकवून आडोसा करायला टॉवेल, सीटखाली पाण्याची दोन लिटरची बाटली. सीट मागे कललेली आहे, पण पाय लांब होतील इतकी नाही.

"झोपणार कधी?"

"साहेब अंघोळ करून येईस्तोवर पडतो की. दहाला शिरोलीला जायचंय, मग संध्याकाळी परत." रात्री दोनपासून त्यानं गाडी चालवली आहे. संध्याकाळी पुन्हा चालवणार आहे.

त्याच्या खिशात छोटी डायरी आहे. तारीख, किलोमीटर, टोल, आणि शेवटच्या रकान्यात इंग्रजी एच: हॉल्ट. प्रत्येक हॉल्टचा भत्ता तीनशे रुपये, महिन्याच्या शेवटी ऑफिसात हिशेब द्यायचा. तो वेगवेगळ्या साहेबांना नेतो. "यंदा एकशे बारा झाले," तो सांगतो, पानं न चाळता. लाज नाही, तक्रार नाही, हिशेबाचं माणूस सांगतं तसं. एकशे बारा रात्री. भावाच्या ॲपच्या भाषेत टायटेनियमच्याही पुढे. या रात्रींनी त्याच्यासाठी कुठलंच दार उघडलेलं नाही. हॉटेलच्या वहीतही त्याच्या नावाची ओळ नाही.

मला राग येतो, आणि तो या हॉटेलपुरता नाही. हे सगळीकडे असंच चालतं. चहा कुणी कुठे बसून प्यायचा, यावर या शहरानं फार मोठा निकाल दिलेला आहे. गंगाराम कांबळेंनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान काढलं तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी येईना. शाहू महाराज आपल्या खडखड्यातून, म्हणजे घोडागाडीतून, तिथे येऊन थांबायचे, स्वतः चहा मागवायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. ती जातीची अस्पृश्यता होती, तिच्याशी पार्किंगमधल्या कागदी कपाची बरोबरी मी करणार नाही. पण ज्या गावात १९०१ पासून परगावच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली, त्या गावात रात्रभर गाडी हाकून आलेल्या माणसाला पाठ टेकायला खाट मिळू नये, हे मला पटत नाही. तामिळनाडू सरकारनं २०२३ मध्ये बांधकाम नियमांत बदल करून हॉटेल-लॉजमध्ये पाहुण्यांच्या ड्रायव्हरांसाठी झोपण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय सक्तीची केली. नियम करावा लागला, याचाच अर्थ आपणहून कुणी करत नव्हतं. आणि यात केवळ माणुसकी नाही, मागच्या सीटवर बसलेल्याचा जीवही आहे.

आत येऊन मी भावाला डायरीतला आकडा सांगतो. तो कपातला चहा तसाच ठेवतो.

"एकशे बारा? मला वाटलं होतं त्याची इथे कुठेतरी सोय असते."

"विचारलं होतंस का कधी?"

तो उत्तर देत नाही, उठून काउंटरकडे जातो. काका ऐकून घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात. "हाय की खोली. धोबीखोलीच्या मागं, चार खाटा. आमची रात्रपाळीची पोरं झोपत्यात. पर आठला पाळी बदलती, आत्ताच दोन खाटा मोकळ्या हुतील. कुणी इचारतच न्हाई साहेब, मग आमी बी सांगत न्हाई."

"आणि नाश्ता?"

"आत बसून खाऊ दे की. कोण नको म्हणतंय?"

भाऊ फाउंड्रीला फोन लावतो. पलीकडचे कोल्हापूरकर भलतेच मोकळे. दहाऐवजी दोनला या, तोवर दुसऱ्या लॉटची तपासणी उरकून ठेवतो म्हणतात. भाऊ स्वतः पार्किंगकडे निघतो, मी त्याच्या मागे. ड्रायव्हर टॉवेल काचेत अडकवतोय. साहेबच समोर आलेले बघून तो घाईनं चप्पल घालतो.

"चल, आत खाट आहे. आधी खाऊन घे. दोनला निघू."

तो जागचा हलत नाही. आधी माझ्याकडे बघतो, मग भावाकडे.

"खाटेचं भाडं हॉल्टच्या पैशातनं कापतेत का साहेब?"

"नाही रे. लागलं तर माझ्या बिलात येईल."

मागून काका आलेलेच आहेत, हातात किल्ली. "बिलात काय घालायचं त्यात? खाटेचं पैसं न्हाईत आमच्यात. फक्त निघताना फोन करून सांगत जावा, ड्रायव्हर संगं हाय म्हणून. शनवार-रविवारी गर्दी असती, मग खाट ऱ्हात न्हाई."