एजंटची वही आणि सूची क्रमांक दोन

आमच्या कर्वेनगरच्या एजंटकाकांकडे पुठ्ठ्याची लांब वही असायची. डाव्या पानावर ‘देणे’, उजव्या पानावर ‘पाहिजे’. कुठला फ्लॅट, कितवा मजला, पाणी किती वाजता येतं, मालक विद्यार्थ्यांना देतो की नाही, सगळं निळ्या शाईत. ही वही ते कुणाच्या हातात देत नसत. कुठली जागा रिकामी आहे हे ज्याला ठाऊक, त्याची दलाली. सगळा धंदा त्या वहीवर उभा होता.

इंटरनेटने पहिल्यांदा या वहीलाच हात घातला. ९९एकर्स २००५ मध्ये आलं, २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी हाउसिंग सुरू केलं आणि नोब्रोकरने तर एजंट नको हे नावातच सांगितलं. वही सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आली, आता एजंट संपले, असं तेव्हा अनेकांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. बहुतेक पोर्टलांवरच्या जाहिरातींतला मोठा हिस्सा एजंटच टाकतात. आपण फोटो बघून नंबर भरतो आणि तो नंबर एकाच वेळी अनेकांच्या हाती पडतो. पूर्वी एजंटकडे जागांची यादी असायची, आता पोर्टलांकडे गिऱ्हाइकांची यादी आहे आणि तिच्यासाठी एजंट पैसे मोजतो.

मागच्या वर्षी बहिणीसाठी वारज्यात टू बीएचके शोधताना याचा पुरेपूर अनुभव आला. एका साइटवर नंबर दिला आणि दुपारच्या जेवणाआधी नऊ फोन. ज्या फ्लॅटसाठी नंबर दिला तो ‘कालच गेला हो ताई, पण मागच्याच गल्लीत त्याहून चांगला आहे.’ गेलेल्या त्या फ्लॅटची जाहिरात पुढे दोन महिने तशीच झळकत होती. दुसरा एक फ्लॅट चार एजंटांनी टाकला होता, चार वेगळ्या किमतींना. क्षेत्रफळही वेगळं, कारण एकाने कार्पेट लिहिलेलं, दुसऱ्याने बिल्टअप, तिसऱ्याने जिना-लिफ्ट धरून ‘सेलेबल’. रेरा कायद्याने कार्पेट म्हणजे काय हे नेमकं ठरवून दिलंय, तरी जाहिरातीत मोठा आकडा पुढे करायचा मोह सुटत नाही. आणि भाड्याच्या जागेसाठी ‘मी लष्करात आहे, अचानक बदली झाली, टोकन ऑनलाइन पाठवा, चावी कुरिअरने येईल’ असं कुणी सांगितलं, तर फोन तिथेच ठेवावा. दार उघडून आत पाय ठेवल्याशिवाय रुपयाही पाठवू नये.

मला खरी किंमत वाटते ती इंटरनेटवरच्या दुसऱ्याच एका कोपऱ्याची. तिथे चकचकीत फोटो नाहीत, साइट कधी अडते, कॅप्चा दोनदा भरावा लागतो. नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की त्या जागेवर नोंदलेल्या दस्तांची यादी येते आणि प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन उघडते. विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, लिहून देणारा, लिहून घेणारा, सगळं मराठीत, फुकट. एका एजंटाने छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘याच बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा ब्याण्णवला गेला.’ रात्री बहिणीने तो दस्त शोधून काढला. मोबदला एक्क्याऐंशी लाख. रोखीने वरून काही दिलं असेल तर ते दस्तात उमटत नाही, हे लक्षात ठेवायलाच हवं. तरीही दुसऱ्या दिवशी ती छापील प्रत टेबलावर ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलला. ही ताकद पूर्वी गिऱ्हाइकाकडे नव्हती.

नव्या बांधकामासाठी अशीच जागा म्हणजे महारेराचं संकेतस्थळ. मंजूर नकाशे, ताबा देण्याची तारीख, प्रकल्पावरचे दावे, किती फ्लॅट विकले गेले, बिल्डरने स्वतः भरलेली माहिती तिथे असते. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. मोबाइल धरला की थेट प्रकल्पाचं पान उघडतं. नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकणाऱ्या एजंटालाही स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो आणि २०२३ मध्येच महारेराने एजंटांना प्रशिक्षण व परीक्षा लागू केली. क्रमांक विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याबरोबर साइट बघायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे बुकिंगच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला पाठ असायला हवं.

मग एजंट कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर मला वहीवाल्या काकांच्या मुलाने दिलं. त्याने वही कधीच बंद केली. तो आता भाडेकरार करून देतो. लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आपल्या जेवणाच्या टेबलावर बसून वीस मिनिटांत मालक आणि भाडेकरू दोघांचे ठसे घेतो. भाडेकराराची नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, हे कित्येक मालकांना त्याच्याकडूनच कळलं. खरेदीचे व्यवहारही तो बघतो, पण जागा दाखवायच्या आधी कागद मागतो.

बहिणीला आवडलेल्या फ्लॅटचे फोटो मे महिन्यातले होते. भिंती कोऱ्या करकरीत, उन्हाने उजळलेल्या. तो म्हणाला, ‘ताई, आता नको. पाऊस लागू दे, मग जाऊ.’ जुलैत सलग तीन दिवस झड लागल्यावर त्याने फोन केला. आम्ही गेलो. बेडरूमच्या कपाटामागे त्याने हात फिरवला आणि बोटं आम्हाला दाखवली, ओली आणि चुन्याने माखलेली. वरच्या बाथरूमची गळती. शिवाय सोसायटीच्या नावावर जमीन अजून झालेली नाही, कन्व्हेयन्स रखडलाय, हे त्याने सेक्रेटरींकडून आधीच काढलं होतं. यातलं एकही पोर्टलवर नव्हतं.

पत्ता सांगायचे पैसे मागणाऱ्याला आता ते देण्याचं कारण उरलेलं नाही. पण या मुलाशी दलालीत घासाघीस करावी असं आम्हाला कुणालाच वाटलं नाही. तो फ्लॅट आम्ही सोडला. दुसरा मिळायला दिवाळी उजाडली. त्या फ्लॅटची आधीच्या खरेदीची सूची क्रमांक दोन बहिणीने काढली, मूळ शेअर सर्टिफिकेट आणि बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र त्याने मिळवलं. दस्ताच्या दिवशी नोंदणी कार्यालयाच्या बाकावर दोघं शेजारी बसून एकेक पान तपासत होते, आणि मालकाच्या आईचं नाव एका ठिकाणी चुकलंय हे आधी बहिणीच्या लक्षात आलं.