हॉटेलच्या गर्दीतही एकांत देणारी खुर्ची! 'एग चेअर'चा आकार असा का आहे?

मंडळी, अंड्याचं कवच एका बाजूने तिरकं कापावं आणि आत मऊ गादी बसवावी, अशी दिसणारी खुर्ची तुम्ही नक्की पाहिली असेल. कधी जाहिरातीत, कधी एखाद्या चकचकीत ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये. हिचं नाव 'एग चेअर'. बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता दिखावा आहे. पण या आकारामागे एक साधी अडचण होती.

गोष्ट आहे डेन्मार्कची. १९५० च्या दशकात एसएएस या विमान कंपनीला कोपनहेगनमध्ये मोठं हॉटेल बांधायचं होतं. काम मिळालं वास्तुरचनाकार आर्ने जेकबसन यांना. ज्यू वंशाचे जेकबसन १९४३ मध्ये नाझींपासून जीव वाचवण्यासाठी छोट्या होडीतून स्वीडनला निसटले होते. युद्ध संपल्यावर ते मायदेशी परतले आणि पुन्हा कामाला लागले.

नुसती इमारत बांधून थांबतील तर ते जेकबसन कसले! हॉटेलातले दिवे, दाराच्या मुठी, अगदी काटे-चमचेही त्यांनीच डिझाइन केले. सुमारे ७० मीटर उंचीच्या त्या इमारतीत सगळीकडे सरळ रेषा आणि काटकोन होते. त्याला तोड म्हणून आतल्या खुर्च्या त्यांनी मुद्दाम गोलाकार केल्या.

आता अडचण बघा. हॉटेलच्या लॉबीत सतत ये-जा चालू असते. कोणी बॅगा ओढतंय, कोणी टॅक्सीची वाट बघतंय. अशा ठिकाणी निवांत बसायचं कसं? भिंती घालाव्यात तर लॉबीचा मोकळेपणा जातो. जेकबसन यांनी भिंत खुर्चीलाच दिली! एग चेअरची पाठ उंच आहे आणि तिच्या कडा दोन्ही बाजूंनी पुढे वळतात. आत बसलेल्या माणसाला आजूबाजूची वर्दळ कमी दिसते आणि आवाजही थोडा दबतो. बोलायचं असेल तर खुर्ची समोरच्याकडे फिरवायची, नको असेल तर पाठ करायची. खाली फिरता पाया आहेच.

हा आकार कागदावर सुचला नाही. जेकबसन यांनी आपल्या गॅरेजमध्ये प्लास्टरचे नमुने घडवत तो शोधला. पाठ, हात आणि बैठक यांचं मिळून एकच कवच आहे, त्यात लाकडी चौकट नाही. हल्ली ते कवच फायबरग्लासने बळकट केलेल्या कडक फोमचं असतं. खरी परीक्षा त्यानंतर असते. खोलगट भागावर कापड किंवा चामडं ताणलं की ते वर उचललं जातं, सुरकुत्या पडतात. म्हणूनच फ्रिट्झ हान्सन ही मूळ उत्पादक कंपनी आजही हे काम कारागिरांच्या हातून करून घेते. स्वस्त नकला बहुतेक वेळा इथेच उघड्या पडतात.

नकलांचा विषय निघालाच आहे, तर हेही ऐका. ब्रिटनमध्ये कारखान्यात बनणाऱ्या अशा वस्तूंना पूर्वी फक्त २५ वर्षं कॉपीराइटचं संरक्षण मिळायचं. २०१६ मध्ये ही तरतूद रद्द झाली. कलाकृती ठरलेल्या वस्तूंना आता निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं संरक्षण मिळतं. जेकबसन १९७१ मध्ये वारले. म्हणजे २०४१ संपेपर्यंत!

आणि त्या हॉटेलचं काय झालं? १९६० मध्ये ते सुरू झालं आणि आजही चालू आहे. पण काळाबरोबर आतली सजावट बदलत गेली. जेकबसन यांनी रचली होती तशी एकच खोली जपून ठेवली आहे, खोली क्रमांक ६०६. ज्या माणसाने दाराच्या मुठीपर्यंत सगळं ठरवलं, त्याच्या हॉटेलातली एवढी एकच खोली उरली. खुर्ची मात्र जगभर पोहोचली, कारण गर्दीत थोडा एकांत सगळ्यांनाच हवा असतो.

मंडळी, अशी खुर्ची तुम्हाला मिळाली तर कुठे ठेवाल? कमेंटमध्ये नक्की सांगा!