डब्याच्या आंत काय आहे?

"डब्यांत काय आहे?" या प्रश्नास गृहिणीनें "डबा पितळेचा असून झांकण वाटोळें आहे" असें उत्तर दिलें, तर आपणांस हंसूं येईल. परंतु संगणकाच्या आज्ञावलींतील चुका शोधणारें साधन, म्हणजे डीबगर, कित्येक वर्षें अशींच उत्तरें देत असे.

सी प्लस प्लस भाषेचें पहिलें प्रमाण १९९८ सालीं ठरलें. त्या भाषेबरोबर माहिती सांठविण्याच्या तयार कोठ्या मिळतात. 'व्हेक्टर' ही त्यांपैकीं एक. जीसीसी या संकलकाच्या लायब्ररींत तिच्यापाशीं केवळ तीन पत्ते असतात: वस्तूंची रांग कोठें सुरू होते, कोठें संपते, आणि राखून ठेवलेली जागा कोठवर आहे. जुना डीबगर हे पत्तेच पुढें ठेवी. वस्तु मात्र दिसत नसे.

२००९ सालच्या जीडीबी ७.० मध्यें पायथन भाषेंत लिहिलेले दुभाषे जोडण्याची सोय झाली. दुभाषा पहिल्या दोन पत्त्यांची वजाबाकी करतो. अंतर १२ बाइट आणि प्रत्येक पूर्णांक ४ बाइटांचा असेल, तर वस्तु ३, हें तो ओळखतो व त्या क्रमानें वाचून दाखवितो.

मात्र कोठीची अंतर्रचना बदलली कीं जुना दुभाषा फसतो. २०१५ सालीं जीसीसी ५ मध्यें 'स्ट्रिंग' व 'लिस्ट' यांची रचना बदलली. म्हणून हे दुभाषे लायब्ररीचे कर्तेच तिच्यासोबत देतात, आणि दोघांची आवृत्ति जुळणें अगत्याचें असतें.

पुन्हां नुसते पत्ते दिसूं लागले, तर 'इन्फो प्रिटी-प्रिंटर' ही आज्ञा देऊन यादी पाहावी. दुभाषा यादींत नसल्यास बहुधा त्याची जागा डीबगरच्या विश्वासाच्या यादींत नसते. हा निर्बंध त्रासदायक वाटला तरी योग्य आहे; कारण दुभाषा हीहि एक आज्ञावलीच, आणि परक्याची आज्ञावली आपल्या यंत्रांत आपोआप चालूं देणें धोक्याचें.

आणखी एक सावधगिरी. दुभाषा पत्त्यांवर विश्वास ठेवतो. व्हेक्टर अद्याप सिद्ध झाला नसतां तेथें पूर्वीचा केरकचरा असतो. मग दुभाषा कोट्यवधि वस्तूंची गणना निःशंकपणें सांगतो, आणि नवशिका नसलेली चूक शोधीत बसतो. अशा वेळीं 'प्रिंट' आज्ञेस '/आर' जोडून मूळचे पत्ते पाहावे. दुभाष्यानें श्रम वांचतात हें खरें. पण शंका येतांच मूळ भाषण ऐकण्याची संवय सोडूं नये.