कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार : दोषनिदान आणि घरगुती दुरुस्ती

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडली आणि कारेलीबागेसह बडोद्याच्या कित्येक वस्त्यांत पाणी शिरले. ज्यांची दुकाने व घरे तळमजल्यावर होती, त्यांनी वह्या, दागिने व धान्य वर नेले; परंतु कपडे धुण्याचे यंत्र कोण उचलणार? ते जागच्या जागी पाण्यात उभे राहिले. पाणी ओसरल्यावर घरोघरी एकच उद्‌गार ऐकू येत होता, “मोटार जळली.” हा निकाल किती ठिकाणी खरा होता आणि किती ठिकाणी केवळ घाईचा होता, हे आम्हांस स्वतःच्या घरी जो धडा मिळाला त्यावरून समजले. तो सभासद बंधु-भगिनींच्या उपयोगी पडावा, या हेतूने हा लेख लिहीत आहो.

आमचे यंत्र दोन टाक्यांचे, ज्यास बाजारात अर्धस्वयंचलित म्हणतात त्या जातीचे. अशा यंत्रात दोन स्वतंत्र मोटारी असतात : एक कपडे धुण्याची, दुसरी पिळण्याची. दोन्ही एकाच पुरात, एकाच उंचीपर्यंत बुडाल्या होत्या. पाणी ओसरून दोन दिवस झाले, यंत्र वरून कोरडे दिसू लागले, तेव्हा ‘चालते का पाहू’ म्हणून आमच्याच घरातील कोणी पिळण्याच्या बाजूची कळ फिरविली. क्षणभर घरघर झाली, उग्र वास सुटला आणि घराचा फ्यूज उडाला. कोणास इजा झाली नाही, ही देवाची कृपा. पुढे जो कारागीर आला त्याने वासावरूनच दोन्ही मोटारी निकालात काढल्या. आम्ही मात्र धीर धरून दोन्ही तपासविल्या. पिळण्याची मोटार खरोखरच गेली होती. धुण्याची मोटार वाळवून, एक अल्प किमतीचा सुटा भाग बदलून पूर्ववत चालू झाली व आजतागायत चालत आहे. पाणी दोहींस सारखेच लागले. एकीस परीक्षेपूर्वी वीज मिळाली, दुसरीस परीक्षेनंतर. दोहींतील अंतर ते एवढेच.

ही परीक्षा समजण्यासाठी मोटारीचे थोडे शास्त्र पाहिले पाहिजे. १८८८ साली इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी फिरत्या चुंबकक्षेत्राचे तत्त्व जगापुढे मांडले. मोटारीच्या स्थिर भागात तांब्याच्या किंवा अल्युमिनियमच्या तारांची वेटोळी असतात. त्यांस वाइंडिंग म्हणतात. त्यांतील विजेमुळे उत्पन्न होणारे चुंबकक्षेत्र फिरू लागले की आतील दांडाही त्यामागे फिरतो. परंतु आपल्या घरी येणारी २३० व्होल्टची वीज एकेरी असते. तिच्यापासून होणारे क्षेत्र झोपाळ्याप्रमाणे केवळ पुढेमागे होते. गोल फिरत नाही. शिवणाच्या पायमशीनचे उदाहरण घ्यावे. पावडी एका विशिष्ट ठिकाणी अडली असता पायाने कितीही दाबले तरी चाक हलत नाही. हाताने चाकास जरासा धक्का दिला की यंत्र सुरू होते. मोटारीस हा हात देण्याचे काम कपॅसिटर करतो. जुने कारागीर त्यासच कंडेन्सर म्हणतात. तो दुसऱ्या वाइंडिंगमधील प्रवाह पहिल्याच्या काही अंश पुढे नेतो, आणि त्या दोहोंच्या मेळाने क्षेत्र फिरू लागते.

एवढे ध्यानात आले म्हणजे यंत्राच्या आवाजावरूनच अर्धे निदान होते.

यंत्र अगदी मुके असेल, तर प्रथम मोटारीस दोष देऊ नये. त्याच प्लगवर दुसरे उपकरण चालते का ते पाहावे. नंतर वायर, फ्यूज, टाइमर व पिळण्याच्या झाकणाखालील स्विच यांचा क्रम येतो. मोटार फार तापली असता आतील उष्णतारक्षक तिचा प्रवाह तोडतो. कित्येक मोटारींत तो निवल्यावर आपोआप जुळतो, म्हणून तासभर थांबून पाहावे.

मोटार गुणगुणते पण फिरत नाही, असे असेल तर दोन शक्यता असतात : कपॅसिटर क्षीण झाला आहे, किंवा दांडा वा चकती कशात तरी अडकली आहे. नाणे, पिन किंवा मुलाच्या मोज्यासारखी वस्तू तळाच्या चकतीखाली जाऊन बसणे ही नित्याची गोष्ट आहे. अशा स्थितीत यंत्र चालू ठेवू नये. अडलेली मोटार नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह ओढते आणि थोड्याच वेळात खरोखरच जळते. साधा दोष असाध्य होतो तो येथे.

मोटार फिरल्याचा आवाज येतो पण चकती स्थिर राहते, तर पट्टा सैल झाला, घसरला किंवा तुटला असे समजावे. चकती एकाच दिशेस फिरते, दुसऱ्या दिशेस नाही, तर दोष बहुधा टाइमरच्या संपर्कात असतो. आणि कळ दाबताच घरातील गळतीरक्षक स्विच, म्हणजे ज्यास ईएलसीबी म्हणतात तो, पडत असेल, तर वीज कोठेतरी यंत्राच्या अंगावर उतरत आहे. असा स्विच पुन्हा पुन्हा वर करणे म्हणजे पहारेकऱ्याचे तोंड दाबण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष तपासणी. प्रथम प्लग भिंतीतून काढून हाताशी ठेवावा. केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही. पाण्याचा नळ बंद करून टाकी रिकामी करावी, जमीन कोरडी असावी आणि यंत्र आडवे करण्यास दोन माणसे असावीत. मागील झाकण काढल्यावर पुली हाताने फिरवून पाहावी. ती सहज फिरली तर बेअरिंग ठीक. खरखरली अथवा अडली तर दोष यांत्रिक आहे, विजेचा नव्हे.

पुढे कपॅसिटर. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. म्हणून त्याच्या दोन टोकांस, हात न लावता, होल्डरमध्ये बसविलेल्या जुन्या पद्धतीच्या बल्बच्या दोन तारा टेकवून तो रिता करावा. कित्येक कारागीर कपॅसिटर थेट वीजपुरवठ्यास लावून ठिणगी पाहतात; ही परीक्षा धोक्याची आहे, ती घरी कदापि करू नये. कपॅसिटर मोजण्याची सोय असलेला मल्टिमीटर आज सहज मिळतो. धुण्याच्या मोटारीस बहुधा १० मायक्रोफॅरडच्या आसपास व पिळण्याच्या मोटारीस त्याहून लहान कपॅसिटर असतो. तथापि त्याच्या अंगावर छापलेला आकडाच प्रमाण मानावा. १० लिहिलेले असून मीटर ७ दाखवीत असेल, तर तो बदलावा. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच असावा व व्होल्टचा आकडा मूळच्याहून कमी नसावा. अधिक मोठा घातला तर मोटार अधिक जोमाने चालेल, हा समज चुकीचा आहे. त्याने वाइंडिंग तापते.

तिसरी परीक्षा वाइंडिंगची. मोटारीतून सामान्यतः तीन तारा निघतात. त्या कोठे जोडल्या होत्या ते लिहून, अथवा छायाचित्र घेऊन, मगच सोडवाव्यात. दोन-दोन तारा घेऊन त्यांमधील रोध ओहममध्ये मोजावा. धुण्याच्या मोटारीस दोन्ही दिशांनी सारखेच काम करावयाचे असल्यामुळे तिची दोन वाइंडिंगे सारखी असतात. उदाहरणार्थ, एका जोडीत ४०, दुसरीत ४० आणि तिसरीत ८० ओहम आले, तर हिशेब जुळला. पिळण्याच्या मोटारीची वाइंडिंगे असमान असतात. पण तेथेही सर्वांत मोठा आकडा उरलेल्या दोहोंची बेरीज असला पाहिजे. व्यापाऱ्यास ताळेबंदाची ही पद्धत नवी नाही : बेरीज जुळेना, तर खोट आत आहे. एखाद्या जोडीत मीटर काहीच न दाखवील, तर तार किंवा उष्णतारक्षक तुटला आहे.

शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि पुरात बुडालेल्या यंत्रास ती अनिवार्य आहे. तारा व मोटारीचे लोखंडी अंग यांमध्ये विजेस वाट असता कामा नये. साधा मल्टिमीटर काही व्होल्टांवरच ही परीक्षा करतो, म्हणून ओलाव्याची चोरवाट त्यास पुष्कळदा दिसत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचे मेगर नावाचे उपकरण लागते. ते जाणत्या वीजकारागिराकडूनच लावून घ्यावे. रोध किमान १ मेगओहम, म्हणजे १० लाख ओहम, भरल्याशिवाय मोटारीस वीज देऊ नये. नुसते पाणी वाइंडिंगवरील लाखेच्या थरास तत्काळ मारीत नाही. पाण्याबरोबर आलेला गाळ व त्यात मुरलेली ओल विजेस वाट करून देते. म्हणून बुडालेली मोटार बाहेर काढून स्वच्छ पाण्याने गाळ धुवावा, आणि ती हवेशीर जागी, मंद उबेत कित्येक दिवस वाळवावी. किती दिवस, हे पंचांग नव्हे, मेगर सांगतो. आमच्या मोटारीस दहा दिवस लागले. बुडालेला कपॅसिटर मात्र निःशंकपणे बदलावा.

येथवर गृहस्थाची सीमा. वाइंडिंग जळले असेल तर ते नव्याने भरणे हे कुशल कारागिराचे काम. पुढून कपडे घालावयाच्या काही यंत्रांत कार्बनच्या कांड्यांची मोटार असते. कांड्या झिजल्या तर त्या जोडीने बदलतात. परंतु नव्या इन्व्हर्टर जातीच्या यंत्रांत प्लग काढल्यावरही काही काळ तीनशे व्होल्टांहून अधिक वीज साठलेली असू शकते. ती घरी उघडूच नयेत.

१८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी याच नगरीत कलाभवन स्थापिले आणि त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी शास्त्र व हुन्नर देशी भाषांतून शिकविण्याचा आग्रह धरला. तेच कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशाखेच्या रूपाने उभे आहे. प्रत्येक गृहस्थाने कारागीर व्हावे असा त्या आग्रहाचा अर्थ नव्हे. पण कारागीर काय सांगतो ते समजण्याइतके ज्ञान प्रत्येक घरी असावे, असा अर्थ त्यातून खचित निघतो. ते नसले म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते : दोष कपॅसिटरचा, आणि विकत येते नवे यंत्र.

३१ जुलै २०१९ च्या अतिवृष्टीनंतर पाच वर्षांनी पुन्हा पूर आला. पुढेही येणार नाही असे कोणी म्हणू नये. म्हणून पावसाळ्यापूर्वी यंत्र पक्क्या उंच ओट्यावर ठेवावे, त्याच्या अर्थिंगची तपासणी करवावी आणि घरात ३० मिलिअँपिअरचा गळतीरक्षक स्विच बसवून घ्यावा. आम्ही तो पुरानंतर बसविला. आपण आधी बसवावा. आणि पाणी शिरलेच, तर घरातील लहानथोरांस एवढे एकच सांगून ठेवावे : यंत्र वरून कोरडे दिसले तरी कळेस हात लावावयाचा नाही. मोटार गेली तर पुन्हा मिळते. कळेवरचा हात आपल्या माणसाचा असतो. इत्यलम्.